दाल मिलचं फॉक्सप्रोतलं (डेटाबेसच्या एका जुन्या भाषेतलं) सॉफ्टवेअर सांभाळायला घेतलंय; फॉक्सप्रोच्या जुन्या एडिटरमध्येच काम करू की व्हीएस कोड (मायक्रोसॉफ्टचा नवा कोड-एडिटर) वापरू?

भाऊ, एडिटर नवा की जुना हे नंतर बघू. आधी एवढं तपासा: फाइल उघडून, काहीही न बदलता सेव्ह केली तर एखादा बाइट (फाइलमधला ० ते २५५ पैकी एक अंक) बदलतो का? बदलत असेल तर तो एडिटर तुमच्या कामाचा नाही, मग त्याला जग कितीही डोक्यावर घेवो.

जळगावातल्या एका अडत दुकानात काय झालं ते सांगतो, कारण ‘जुनं ते टाकाऊ’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद तिथूनच सुरू आहे. डॉसवरचं फॉक्सप्रो २.६. हमालीचा दर बदलायचा होता, एका ओळीचं काम. बाहेरून बोलावलेल्या टीमनं पीआरजी (प्रोग्रामची फाइल) व्हीएस कोडमध्ये उघडली, दर बदलला, सेव्ह केली. त्यानंतर पट्टी छापली तर आडव्या रेघेच्या जागी ∩┐╜∩┐╜∩┐╜. मराठी नावांचाही तोच खिचडा. टीमचं निदान तयारच होतं: सॉफ्टवेअर सडलंय, नवीन लिहून घ्या. आणि सोबत कोटेशन!

सडलं काहीच नव्हतं. पट्टीवरची रेघ म्हणजे १९६ क्रमांकाचा बाइट ७८ वेळा. डॉसच्या सीपी ४३७ कोडपेजमध्ये (कोणत्या बाइटचं कोणतं चिन्ह, याच्या तक्त्यात) त्याची रेघ उमटते. व्हीएस कोडला वेगळं सांगितलं नाही तर तो प्रत्येक फाइल यूटीएफ-८ (आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) धरून चालतो. १९६ नंतर पुन्हा १९६ हे यूटीएफ-८ मध्ये बसत नाही, म्हणून तो प्रत्येक जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह दाखवतो आणि सेव्ह करताना त्या एका बाइटऐवजी तीन लिहितो: २३९, १९१, १८९. डॉसमध्ये हेच तिघं ∩┐╜ असे दिसतात. ७८ ची रेघ २३४ ची झाली, ८० कॉलमच्या कागदावर तीन ओळी खाऊन बसली आणि खालचे सगळे आकडे सरकले. मराठी नावं इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या अक्षर-संकेतात) होती. त्यात अक्षरं १६१ च्या पुढे, त्यामुळे क असो की ळ, बहुतेकांचे तेच तीन बाइट झाले. यातून मागे फिरता येत नाही. अनडूही कामाचा नाही, कारण अक्षर उघडतानाच गेलेलं असतं. सेव्ह करण्याआधी लक्षात आलं तर ‘रीओपन विथ एन्कोडिंग’नं वाचतं. नंतर फक्त बॅकअप. डीबीएफमधला (टेबलांच्या फाइलींतला) डेटा मात्र शाबूत होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. जुन्या बॅकअपमधली पीआरजी आणून दर पुन्हा बदलला, विषय संपला.

तेव्हा व्हीएस कोड वापरायचाच असेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरपुरतं ‘फाइल्स डॉट एन्कोडिंग’ हे सेटिंग सीपी ४३७ करा. त्यात २५६ बाइटांना २५६ वेगळी चिन्हं आहेत, म्हणून इस्कीची अक्षरं पडद्यावर विचित्र दिसली तरी जशीच्या तशी परत लिहिली जातात. ‘ऑटो गेस एन्कोडिंग’ (एडिटरनं एन्कोडिंगचा आपणच अंदाज बांधणं) बंदच ठेवा. फॉरमॅट ऑन सेव्ह (सेव्ह करताना मांडणी आपोआप बदलणं) आणि ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटणंही बंद, नाहीतर तुम्ही बदललेली एक ओळ शेकडो फरकांत हरवेल. मग फाइल दुसऱ्या नावानं सेव्ह करा आणि कमांड प्रॉम्प्टवर ‘एफसी /बी’ देऊन दोन्ही ताडून पाहा. एकही फरक नको. गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये पीआरजीला ‘-टेक्स्ट’ लावा, म्हणजे तो ओळींच्या शेवटाला हात लावणार नाही.

आणि एसपीआर फाइलमध्ये (स्क्रीनच्या तयार कोडमध्ये) कधीही दुरुस्ती करू नका भो. ती एससीएक्सवरून (स्क्रीनच्या मूळ आराखड्यावरून) तयार होते. पुढच्या वेळी कोणी स्क्रीन जनरेट केली की तुमचा बदल पुसला जातो, आणि मालक म्हणतो, ‘हे तर मागेच दुरुस्त केलं होतं ना?’ मेनूच्या एमपीआरचंही तसंच, ती एमएनएक्सवरून बनते. एससीएक्स, एमएनएक्स या मुळात टेबलं आहेत, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी फॉक्सप्रोच लागतं. ब्रेकपॉइंट आणि ट्रेस विंडोसाठीही (चालता प्रोग्राम थांबवून ओळ-ओळ तपासायला) तेच.

माझं मत विचाराल तर शोधायला नवा, सेव्ह करायला जुना. ‘तोलाई’ कुठे कुठे कापली जाते हे सगळ्या पीआरजींत एका झटक्यात शोधणं व्हीएस कोडला जमतं, डॉसच्या फॉक्सप्रोत ते जिवावर येतं. पण ज्यांना जुन्या एडिटरची लाज वाटते त्यांनी आधी १९६ म्हणजे काय ते सांगावं.

हे सगळं डॉसच्या फॉक्सप्रोबद्दल. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ असेल तर सीपी ४३७ ऐवजी बहुधा विंडोज १२५२ लागेल, पण त्यात पाच बाइट रिकामे आहेत, म्हणून श्रीलिपीसारख्या फॉन्टचा मजकूर असेल तर आयएसओ ८८५९-१ ठेवा. मिलमधला संगणक विंडोज ७ चा असेल तर व्हीएस कोडची १.७० हीच शेवटची मालिका चालेल. तिथे नोटपॅड प्लस प्लस बरा, एन्कोडिंग मेनूत कॅरेक्टर सेट्स, वेस्टर्न युरोपियन, ओईएम-यूएस (म्हणजेच सीपी ४३७).