ऑसिलेटरचं (आपोआप दोलणाऱ्या सर्किटचं) सिम्युलेशन 'टाइमस्टेप टू स्मॉल', म्हणजे वेळेचा टप्पा फार लहान झाला, म्हणून अडकतं, नाहीतर आउटपुटला सरळ रेघ येते. काय करू?

तुमचा १० मेगाहर्ट्झचा कोल्पिट्स (कॉइल आणि दोन कॅपॅसिटरवर चालणारा ऑसिलेटर) एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये एररवर थांबतो, आणि रेल्टॉल (गणितात किती चूक चालेल ती मर्यादा) वाढवला की चालतो पण दोलतच नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी रेल्टॉल मूळच्या ०.००१ वर परत आणा. सुरुवातीचं दोलन फार बारीक असतं; मोजमाप ढिलं केलं की ते चुकीला दिलेल्या मुभेतच हरवतं.

सरळ रेघ का येते? सिम्युलेटर आधी डीसी बायस, म्हणजे सर्किटचे स्थिर व्होल्टेज आणि करंट, काढतो. त्या बिंदूवर सर्किट टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखं तोललेलं असतं. खऱ्या बोर्डावर ट्रान्झिस्टरचा नॉइज तिला ढकलतो. साध्या ट्रान्झिएंट रनमध्ये (वेळेनुसार पुढे जाणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) नॉइज नसतोच, म्हणून धक्का आपण द्यायचा. सप्लाय कायम ५ व्होल्ट न ठेवता शून्यापासून १ मायक्रोसेकंदात चढवा. यात दुहेरी फायदा आहे: सुरुवातीला सगळं शून्य असल्याने बायस काढतानाही अडत नाही. 'यूआयसी' (दिलेल्या सुरुवातीच्या किमतींवरूनच रन सुरू करण्याचा पर्याय) मी शक्यतो टाळतो, कारण त्यात बायस न काढताच रन सुरू होतो.

मॅक्सिमम टाइमस्टेप १ नॅनोसेकंद द्या, म्हणजे एका आवर्तनात १०० बिंदू मिळतील. इंटिग्रेशन (एका टप्प्यावरून पुढचा टप्पा काढायची पद्धत) ट्रॅपेझॉइडलच ठेवा. कन्व्हर्जन्ससाठी, म्हणजे गणित न अडता उत्तर मिळावं म्हणून, गिअर ही दुसरी पद्धत वापरा असं सर्रास सांगतात, पण गिअर स्वतःच दोलन दाबतो. ऑसिलेटरला तो सल्ला घातक आहे.

आता एरर. त्या ओळीतच कुठल्या नोडवर (सर्किटमधल्या जोडावर) किंवा पार्टवर अडलं ते लिहिलेलं असतं, तिथूनच शोध सुरू करा. माझा पहिला संशय ट्रान्झिस्टरवर आहे. नुसता 'एनपीएन' ठेवून मॉडेल निवडलं नसेल, तर त्याचे जंक्शन कॅपॅसिटन्स शून्य असतात. मग तो क्षणात चालू-बंद होतो आणि तो क्षण पकडायला स्टेप लहान लहान होत जाते. २एन२२२२ सारखं खरं मॉडेल निवडा. दुसरा संशय कॉइलवर. एलटीस्पाइस तिला आपणहून फक्त १ मिलिओम रोध देतो. तुमच्या १ मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा क्यू (जितका जास्त तितका ऊर्जेचा अपव्यय कमी) त्यामुळे ६०,००० च्या वर जातो, जो बाजारातल्या कुठल्याच कॉइलला नसतो. सिरीजमध्ये १ ओम टाका, क्यू ६३ च्या आसपास येईल.

आणि कृपा करून प्रत्येक किंमत पुन्हा वाचा. शिकत असताना माझा पिअर्स ऑसिलेटर (इन्व्हर्टर आणि क्रिस्टलचा) दोन दिवस सुरू होत नव्हता. इन्व्हर्टरवरच्या फीडबॅक रेझिस्टरला मी '१एम' लिहिलं होतं. स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, कॅपिटल लिहिला तरी! मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं. माझा इनपुट आउटपुटला १ मिलिओमने जोडलेला होता.

पुढे क्रिस्टल लावणार असाल, तर धीर धरा. मोशनल शाखा (क्रिस्टलच्या कंपनाचं इंडक्टर-कॅपॅसिटर-रेझिस्टरमधलं रूप) १० मिलिहेन्री, २५ फेम्टोफॅराड, १० ओम अशी धरली तर तिचा टाइम कॉन्स्टंट (दोलन वाढायला किंवा विरायला लागणाऱ्या वेळेचं माप) २ मिलिसेकंद, म्हणजे २०,००० आवर्तनं होतो. तितका वेळ थांबायचं नसेल तर मोशनल इंडक्टरला आयसी (सुरुवातीची किंमत) देऊन १ मिलिअँपिअरने सुरुवात करा. सर्किट दोलणारं असेल तर दोलन टिकेल, नसेल तर विरत गेलेलं स्पष्ट दिसेल.