ग्राइंडरचा गार्ड काढून काम केलं तर चालतं का? घरची पॉवर टूल्स टिकवायची तर काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घरच्या कामांसाठी अँगल ग्राइंडर आणि ड्रिल मशीन घेतलंय, ती टिकावीत म्हणून काय करायचं ते हवंय. शिवाय ओळखीचा कारागीर म्हणतो की ग्राइंडरचा गार्ड काढून टाका, काम सोपं जातं, तर हे खरं का. टिकवण्याचं पुढे सांगतो. गार्डचं, म्हणजे डिस्कवरच्या पत्र्याच्या झाकणाचं, आधी सांगतो, कारण तो प्रश्न वाचून मला राहवलं नाही. काढू नका. सांगणारा कितीही मुरलेला कारागीर असो, एवढ्या एका बाबतीत त्याचं ऐकू नका.

मी 20 वर्षांहून जास्त काळ पॉवर टूल्स दुरुस्त करतोय. माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच ग्राइंडरच्या गळ्यावर गार्डच्या पट्टीचा साधा ओरखडाही नसतो. म्हणजे मशीन खोक्यातून निघालं त्या दिवसापासून गार्ड बसलाच नाही. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'तो मधे येतो हो.'

मी 18 वर्षांचा असताना मामांच्या हाताखाली लोखंडी कामाला लागलो. मामांचा हात असा की डोळ्यांनी बघून सांगायचे, पाइप दोन सूत जास्त आहे. वेल्डिंग, कटिंग, ड्रिलिंग सगळं त्यांच्याकडूनच शिकलो, आणि मशीनचा आवाज ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी दीड इंची चौकोनी पाइप कापायचे होते, वीस-पंचवीस तुकडे. मशीन 4 इंची. 4 इंची डिस्क एका दमात दीड इंच खोल जात नाही, पाइप उलटा करून दुसऱ्या बाजूने कापावा लागतो. मामांना तो वेळ वाया जातोय असं वाटायचं. म्हणून ते 5 इंची डिस्क लावायचे. ती लावायची तर गार्ड काढावाच लागतो, तो आड येतो. आणि 4 इंची डिस्कचं भोक 16 मिलिमीटरचं, 5 इंचीचं 22 च्या वर, मग मधे वॉशर घालून ती घट्ट करायची. मी विचारलं होतं, 'मामा, गार्ड लावू का?' ते म्हणाले, 'तू वायर धर. ठिणग्या पडतील तिच्यावर.'

गार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी होता. नंतर मीच तो बाहेर काढला. त्यावरचा काळा रंग जसाच्या तसा होता.

पाइप दोन्ही टोकांना घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकवलेला आणि कापायचा होता मधोमध. असा पाइप कापत आला की आपल्याच वजनाने मधे खाली बसतो आणि कापाच्या वरच्या कडा एकमेकींकडे येतात. डिस्क त्या फटीत चिमटली. टणकन आवाज झाला आणि मशीन मामांच्या हातात वर उसळलं. मी त्यांच्या मागे, उजव्या खांद्याशी उभा होतो, डाव्या हातात वायर वर धरलेली. आधी दिसलं ते एवढंच की वायर खाली पडलीय. मग कोपराखाली बाही फाटलेली दिसली, आणि त्यात रुतलेला डिस्कचा तुकडा. त्याच्या मोडलेल्या कडेतून आतल्या जाळीचे पांढरे धागे बाहेर आले होते. दुखत नव्हतं. बोटं सरळ करायला गेलो तर दोन बोटं ऐकेनात.

कंडरा तुटली होती. ऑपरेशन झालं, महिनाभर हात बांधलेला होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आजही पूर्ण सरळ होत नाही. आणि तो तुकडा माझ्यापर्यंत येण्याआधी मामांच्या मानेजवळून गेला होता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मामांचं म्हणणं तेव्हापासून आजतागायत एकच आहे. 'डिस्क जुनाट होती रे. गार्ड असता तरी ती फुटलीच असती.' फुटली असतीच. पण डिस्क फुटू नये म्हणून गार्ड लावतच नाहीत. फुटलेला तुकडा माणसाकडे येऊ नये म्हणून तो असतो. डिस्कचा मशीन धरणाऱ्याच्या बाजूचा भाग तो झाकतो, आणि आमच्याकडे तुकडा त्याच बाजूने आला. गार्डच्या पत्र्यावर आपटून तो तिथेच थांबला असता किंवा खाली गेला असता.

आता जरा हिशेब मांडतो, कारण कारागीर मंडळी 'काही होत नाही' म्हणतात तेव्हा त्यांना हा वेग माहीत नसतो. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 ते 12,000 फेरे घेतो. 11,000 धरले तरी 4 इंची डिस्कची कड ताशी 200 किलोमीटरच्या वर पळत असते. त्याच मशीनला 5 इंची डिस्क लावली की फेरे तेवढेच, पण कडेचा वेग जवळजवळ 260 वर जातो. 4 इंची डिस्कवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा बहुधा 15,000 च्या वर छापलेला असतो, 5 इंचीवर 12,200 च्या आसपास. म्हणजे चांगली मोठी डिस्कसुद्धा छोट्या मशीनवर अगदी काठावर चालते. त्यात वॉशरने ती केसभर जरी एका बाजूला सरकली तरी थरथर सुरू होते. 7 इंची डिस्कला तर 8,500 च्या आसपासच फेरे चालतात, ती छोट्या मशीनवर लावणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं. डिस्क विकत घेताना इंच बघतात तसाच हा आकडाही बघा. तो मशीनच्या पाटीवरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असलाच पाहिजे.

लाकूड कापायचं दातांचं पातं ग्राइंडरला लावायचं तर नावच काढू नका. कटिंग डिस्क अडकली तर तुटते. दातांचं पातं अडकलं की ते तुटत नाही, मशीनच अंगावर येतं, मांडीवर नाहीतर मानेवर. त्या कामाला गोल करवतीचं मशीन वेगळं मिळतं.

गार्ड मधे येतो ही तक्रार नव्वद टक्के वेळा तो फिरवायचा आळस असते. पट्टीचा स्क्रू किंवा खटका सैल करा, गार्ड गळ्याभोवती फिरवा, पुन्हा आवळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्याची बंद बाजू कायम तुमच्याकडे हवी, आणि डिस्कच्या रेषेत समोर कोणी उभं नको, कारण त्या बाजूला डिस्क उघडीच असते. पाइप कापताना सुटणारं टोक अधांतरी ठेवा, म्हणजे काप उघडत जातो आणि डिस्क चिमटत नाही. आमच्याकडे त्या दिवशी एवढं केलं असतं तरी पुढचं काहीच झालं नसतं.

आता मशीन टिकवण्याबद्दल. ज्या मशीनने माझ्या हाताला इजा झाली ते मी मामांकडून मागून घेतलं आणि आजही तेच वापरतो. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, मूळचंच आहे. बेअरिंग दोनदा बदलले, वायर एकदा, आणि कार्बन, म्हणजे त्या फिरणाऱ्या भागाला घासून वीज पोचवणारे दोन तुकडे, किती वेळा ते मोजलं नाही. यात विशेष काही केलेलं नाही, कार्बन वेळेवर बदलत गेलो एवढंच. माझ्याकडे जळालेली आर्मेचरं येतात त्यांतली बरीचशी झिजलेल्या कार्बनमुळे गेलेली असतात. कार्बन नवा असतो तेव्हा दीडेक सेंटिमीटर असतो. झिजून 5-6 मिलिमीटरवर आला, किंवा त्याच्यावर रेघ असेल तर त्या रेघेपर्यंत आला, की बदला. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा असं करू नका. तसंच रेटलं तर आतली स्प्रिंग तांब्याच्या कॉम्युटेटरवर, म्हणजे कार्बन टेकतो त्या गोल भागावर, घासते, त्यावर चरे पडतात, आणि मग नवा कार्बनसुद्धा आठवड्यात खलास होतो. खूण सांगतो. मागच्या झरोक्यांतून आत बघितलं तर बारीक निळसर ठिणग्या नेहमीच दिसतात, त्यांचं काही नाही. पण कॉम्युटेटरभोवती नारिंगी कडं फिरताना दिसलं, किंवा मशीन हलवल्याशिवाय चालू होईना, की कार्बन बघा. बाहेरून झाकण असेल तर सॉकेटमधली पिन काढून तुम्ही स्वतः बदलू शकता. नवे घातल्यावर पाच मिनिटं नुसतं फिरवा, त्यांना गोलाई धरू द्या, मग काम घ्या.

लोखंडाची धूळ पंखा आत ओढतो आणि ती वीज वाहून नेते. कामानंतर झरोक्यांतून कोरड्या हवेचा झोत मारा, डोळ्यांवर गॉगल ठेवून. जड काम संपल्यावर मशीन लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट रिकामं फिरू द्या म्हणजे पंख्याने कॉइल गार होते. आणि डिस्क पूर्ण थांबल्याशिवाय खाली ठेवू नका.

वायर मशीनमध्ये शिरते तिथला रबरी गळा बोटांनी वाकवून बघत जा. आतली तांब्याची तार आधी तिथेच तुटते. तुटली असेल तर टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा कापून नव्याने जोडून घ्या किंवा अख्खी वायर बदला. मशीन वायरीला धरून उचलणं, वायरीला बांधून खाली सोडणं, हे मामाही कधी करायचे नाहीत. एक्स्टेन्शनची वायर पातळ आणि लांब असली की टोकाला व्होल्टेज पडतं, मोटर कण्हत चालते आणि तापते. लांब न्यायचीच असेल तर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळीतच ती तापून वितळलेली मी पाहिली आहे.

विजेच्या धक्क्याबद्दल लोकांचा एक गैरसमज पक्का आहे, एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपियरचा एमसीबी 16 अँपियरच्या खाली पडतच नाही, आणि माणसाचा जीव जायला काही दशांश अँपियरसुद्धा लागत नाही, काही शतांश पुरतात. माणसासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पडणारा स्विच, लागतो. घरात नसेल तर मशीन वापरण्याआधी तो बसवून घ्या. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, म्हणून त्याला दोनच पिना असतात आणि अर्थिंग लागत नाही. ओल्या हाताने धरायला ती परवानगी नाही. काम चालू असताना लाइट गेली तर आधी स्विच बंद करा, मग पिन काढा. नाहीतर लाइट आल्यावर मशीन आपोआप फिरायला लागतं आणि तेव्हा तुमचा हात कुठे असेल सांगता येत नाही. डिस्क बदलताना पिन काढलेली हवी, हे वेगळं सांगायला नको.

ड्रिलबद्दल थोडक्यात. साइड हँडल लावा, बिट अडकलं की मशीन फिरतं आणि मनगट सोबत नेतं. कामाचा तुकडा हातात धरू नका, शिकंजात धरा. सुती हातमोजे ड्रिलला घालू नका, एक धागा बिटात गेला की पाठोपाठ बोट जातं. ग्राइंडरला मात्र चामड्याचे, मापाचे चालतात. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, आणि ग्राइंडरला मी गॉगलवर अख्खा चेहरा झाकणारं पारदर्शक झाकणही लावतो. कानांसाठी काहीतरी घाला. मी उशिरा घालायला लागलो, आणि आता फोनवर समोरचा हळू बोलला तर मला ऐकू येत नाही.

एक कबूल करतो. अशा जागा असतात जिथे गार्ड कितीही फिरवला तरी डिस्क पोचत नाही, आतला कोपरा, भिंतीला चिकटलेला पाइप. मामा दर वेळी हेच उदाहरण देतात, आणि जागा खरंच तशी असते. तिथे ग्राइंडरच वापरू नका. हॅकसॉचं पातं घ्या, किंवा पुढे-मागे चालणारी करवत. वेळ लागेल. आणि मशीन उघडून आतली कॉइल, वायरिंग स्वतः करायला जाऊ नका, मी जे सांगितलं ते कार्बन, धूळ आणि वायर यापुरतंच.

डिस्क जुनाट होती हे मामांचं म्हणणंही खरंच आहे, ते मी कधी नाकारलं नाही. ती डिस्क किती वर्षं पडून होती कोणालाच माहीत नव्हतं, डबा दमट भिंतीला लागून होता. कटिंग डिस्क राळेने बांधलेली असते आणि ओल लागून ती राळ कमजोर होते. डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर बहुधा तारीख ठोकलेली असते, बनवल्यापासून साधारण 3 वर्षांची. ती बघा. डिस्का कोरड्या जागी, आडव्या ठेवा. नवी लावली की डिस्कची रेष स्वतःपासून दूर ठेवून एक मिनिट रिकामी फिरवा. पडलेली, ओली झालेली, तारीख उलटलेली डिस्क नुसती कचऱ्यात टाकू नका, पकडीने मोडून दोन तुकडे करून टाका. आमची त्या दिवशीची डिस्क अशीच कोणीतरी न मोडता डब्यात परत ठेवलेली होती.