बायकोला ओसीडी (तीच शंका, तीच कृती परत परत होण्याचा मानसिक आजार) आहे, सारखं विचारते "गॅस बंद आहे न?", दरवेळी "हो" म्हणायचं की रागवायचं?

रागवू तर नकाच. पण दरवेळी "हो" पण नका म्हणू, आणि ते उद्यापासून एकदम बंदही करू नका, आम्ही हे सगळंच करून बसलोय.

माझ्या आईला ओसीडी आहे, 11 वर्षं झाली. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, आजी होती तेव्हा, त्यामुळे पहिली दोन वर्षं सगळे म्हणायचे सोवळं आहे तिचं, करू द्या. मग बाहेरून आलेली पिशवी, चपला, नोटासुद्धा धुणं सुरू झालं. मे महिन्यात 45 डिग्रीत बाबा ऑफिसातून आले की अंगणातच कपडे बदलायचे, आंघोळ झाल्याशिवाय कूलरसमोर बसायचं नाही, आणि आम्ही निमूट करायचो कारण तिचा जीव कासावीस व्हायचा तो बघवत नव्हता. रात्री "कडी लागली न?" वीसदा, आमचं "हो लागली" वीसदा.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या "हो"नं तिला पाच मिनिटं बरं वाटते आणि शंका अजून पक्की होते. मला तिथंच रडू आलं, आपण मायेनं जे करून राहिलो त्यानंच आजार वाढत होता.

बाबांनी त्याच रात्री जाहीर केलं, आता कोणी उत्तर देणार नाही. आई पहाटेपर्यंत दाराशी बसून होती. फार चुकलं आमचं ते. नंतर तिच्यासोबत बसून, तिला विचारून ठरवलं की कडीचं एकदाच सांगायचं, परत विचारलं तर "आई, हे आजार विचारून राहिला, मी बसते तुझ्याजवळ". पटवत बसू नका, कडी लागली आहे हे तिलाही माहीत असते, तरी पोटात गोळा येतो. थेरपीत पण असंच सोप्यापासून सुरू करतात, भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं पण धुणं-विचारणं करायचं नाही, ईआरपी म्हणतात त्याला.

गोळ्यांचा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात, डोसही बरेचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो. तिसऱ्या आठवड्यात मावशी म्हणाली बंद करा, आम्ही करणारच होतो, तसं करू नका. कुठं जायचं कळत नसेल तर टेलीमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः थकले असाल तरी लावा.

आता आई रात्री एकदा विचारते, कधी दोनदा. चपला अजून धुते, त्याला आम्ही अजून हात लावला नाही.