गोळीबरोबर कारल्याचा रस?

प्रश्न : आई मधुमेहासाठी सकाळी ग्लिमेपिराइड घेते. शेजारणीचं ऐकून आता उपाशीपोटी वाटीभर कारल्याचा रसही पिते. चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : रस सध्या थांबवा, गोळी नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यात कारल्याची भर पडली की साखर फार उतरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. (तेव्हा कडक भाकरी-शेंगाचटणी नको, साखर हळू चढते.) ग्लानी असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. कारल्याची भाजी मात्र जेवणात खुशाल खाऊ दे.