आमचा समुद्र चहाच्या रंगाचा

मागच्या अंकात माझ्या खंबातच्या आखाताच्या चित्रांवर चार पानं छापून आली. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी एका जाड पाकिटात घालून बडोद्याला पाठवली. सगळ्यांना उत्तरं देणं झालं नाही. एका गृहस्थांनी पोस्टकार्डावर नुसतं "भाव काय?" एवढंच लिहिलंय, त्यांना वेगळं कळवलं आहे. बाकीच्यांशी इथे बोलते.

बडोद्याला समुद्र नाही. तुमचा जन्म दांडिया बाजारातला. मग समुद्राचं हे वेड आलं कुठून?
— एक वाचक, रत्नागिरी

रत्नागिरीकरांनी विचारलंत, म्हणजे उलटतपासणीच झाली ही!

माझा पहिला समुद्र छपराखाली होता. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, बावीसेक मीटर लांब. रविवारी आजोबा आम्हा भावंडांना तिथे न्यायचे. मी एका टोकाकडून बरगड्या मोजायला लागायची आणि दर वेळी मध्येच चुकायची. आजोबा सांगायचे, 1944 च्या वादळात हा महीच्या मुखाशी येऊन पडला. मी विचारलं, "मही म्हणजे आपल्या वासदच्या पुलाखालची?" ते हो म्हणाले आणि माझी झोप उडाली. ज्या नदीवरून आमची गाडी आणंदला जायची, तिच्या तोंडाशी एवढं जनावर! पुढे कित्येक वर्षं वासदचा पूल आला की मी खिडकीला नाक लावून बसायची.

त्या सांगाड्याला लागूनच चित्रशाळा. सयाजीरावांनी युरोपातून जुनी चित्रं जमवली. इमारत 1914 मध्ये उभी राहिली, पण महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली आणि चित्रशाळा उघडली ती थेट 1921 मध्ये. देवमासा बघून झाला की आम्ही त्या दालनांत शिरायचो. काळपट, तेलकट, खोल चित्रं. हाडं आणि ती चित्रं माझ्या डोक्यात तेव्हापासून एकाच खोलीत आहेत.

खरा समुद्र पाहिला आठवीत. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून कावी-कंबोईला गेलो, जंबुसरच्या पुढे. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा वर येतं. मी पुस्तकातल्या निळ्या समुद्राची वाट बघत होते. समोर होता चहा. दूध जरा जास्त झालेला. मी म्हटलं, "बाबा, हा घाण का आहे?" बाबा कारकून माणूस, पण भूगोल पक्का. म्हणाले, "घाण नाही गं, गाळ आहे. साबरमती, मही, नर्मदा, तापी, सगळ्या आपापली माती इथे आणून टाकतात. त्यात आखात हे असं नरसाळ्यासारखं. पाणी आत घुसतं, वर चढतं आणि तळाचं सगळं ढवळून काढतं." या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास जातो. तीनमजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं, मग गाळाने बसायचं कधी?

तेव्हा मी हिरमुसले होते. आता मला निळा समुद्र काढायचा कंटाळा येतो. कोकणातल्या माझ्या मावसबहिणीला हे पटत नाही.

"जुन्या मास्टरांची पद्धत" म्हणजे नक्की काय? आम्हाला कॉलेजात ट्यूबमधला रंग सरळ कॅनव्हासवर लावायला शिकवतात.
— एक विद्यार्थिनी, इंदूर

तुझ्या इंदूरचे चित्रकार बेंद्रे आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजचे पहिले चित्रकला-प्रमुख, त्यामुळे तुला जरा सविस्तर सांगते.

युरोपातल्या जुन्या चित्रकारांची पद्धत म्हणजे एका बैठकीत चित्र न संपवणं. खालून वर थर चढत जातात आणि प्रत्येक थराकडे एकच काम असतं. मी लाकडी फळीवर किंवा मांजरपाटावर खडूचं अस्तर चढवते, वाळल्यावर घासून गुळगुळीत करते. त्यावर रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पमध्ये, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये, पातळ करून अख्खी फळी भुरी करून टाकते. मग त्याच भुऱ्याने गडद भाग काढायचे आणि पांढऱ्याने उजेड. इथवर चित्रात रंग असा नाहीच, फक्त प्रकाश. हे वाळलं की वर पारदर्शक रंगाचे पातळ हात, ज्यांना ग्लेझ म्हणतात. उजेड त्या थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो. ओल्या गाळावर संध्याकाळी जी झाक दिसते ती पॅलेटवर रंग मिसळून येत नाही. मी तीन वर्षं प्रयत्न केला. येते ती अशी थरातूनच.

एक नियम पाठ कर: खाली तेल कमी, वर तेल जास्त. वरचा थर आधी आक्रसून बसला आणि खालचा अजून हलतोय, तर चित्राला भेगा पडतात.

आता तेल. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणजे वाळताना रंगाचं वजन सुरुवातीला चक्क वाढतं! मी लाकडी घाण्याचं तेल आणते, पाण्याने धुते आणि मे महिन्यात परातीत पातळ ओतून गच्चीवर ठेवते. वर काच, पण कडेने हवा जायला फट. बडोद्याचं ऊन बेचाळीसवर गेलं की काही दिवसांत ते काकवीसारखं होतं. युरोपातले लोक हेच करायचे, फक्त त्यांना ऊन उधार मागावं लागत असणार. आमच्याकडे गच्चीवर एका बाजूला आईच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला माझं तेल. एका वर्षी वावटळ आली आणि कुरडयांना जवसाचा वास लागला. तो विषय घरात अजून निघतो.

गुरू म्हणशील तर यान व्हान होयेन. सतराव्या शतकातला डच माणूस, 1656 मध्ये गेला. नदीची मुखं, होड्या आणि वर भलंमोठं आकाश. सगळं जवळजवळ एकाच भुऱ्यात, इतकं पातळ की काही चित्रांत फळीचे रेषे दिसतात. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याची छापील चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, हा माणूस कावीला येऊन गेलाय. बाराशेहून जास्त चित्रं काढली त्याने, आणि ट्युलिपच्या सट्ट्यात हात पोळून कर्जात मेला. त्याचं भुरं घे, सट्टा सोड.

तुम्ही जागेवर बसून रंगवता की फोटोवरून?
— एक वाचक, ठाणे

जागेवर फक्त पेन्सिल आणि शाई. गाळात ईझल उभं राहत नाही, एकदा गुडघाभर रुतून झालंय.

फान द फेल्द नावाचे डच बापलेक होते. बाप लहान होडीतून आरमारी लढाईच्या मध्ये जाऊन रेखाटनं करायचा, मुलगा घरी त्यावरून तैलचित्रं काढायचा. पुढे इंग्लंडच्या राजाने दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंडांवर ठेवलं: एकाला रेखाटायला, एकाला त्यात रंग भरायला. आमच्याकडे बाप-लेकीची जोडी होती, कामं मात्र दोन्ही लेकीकडे. बाबा छत्री धरायचे आणि दर पाच मिनिटांनी "पाणी चढतंय" म्हणायचे.

तुमचं एखादं चित्र खराब झालंय का? खरं सांगा.
— एक वाचक, पुणे

पुण्याहून "खरं सांगा" आल्यावर काय लपवणार.

2009 साली एका घरासाठी पाच फुटी चित्र केलं. मांजरपाटाला सरसाचा हात दिला होता, अगदी जुन्या पुस्तकाबरहुकूम. वरच्या लाटांना झिंक व्हाइट, कारण तो पांढरा थंड आणि सुंदर दिसतो. दोन पावसाळ्यांनी त्यांचा फोन आला: "ताई, समुद्राला तडे गेलेत." जाऊन बघते तर खरंच! सरस दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. आमच्याकडे जूनपर्यंत सगळं पापडासारखं कडक आणि जुलैत भिंतीला ओल. वर झिंक, तेलात तो काचेसारखा ठिसूळ होतो. खालून हलणारं, वरून न वाकणारं. चूक सगळी माझी. मी हॉलंडची पद्धत घेतली आणि बडोद्याची हवा विसरले. पैसे परत केले. ते चित्र माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं आहे. आता सरसाऐवजी अ‍ॅक्रिलिकचं अस्तर आणि फळीला पहिली पसंती. शुद्धतेवाल्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

घरात लहान मूल आहे. तैलरंग विषारी असतात का?
— एक आई, ग्वाल्हेर

शिशाचा सफेदा विषारीच. जुने लोक शिशाचे पत्रे व्हिनेगरवर टांगून घोड्याच्या लिदीत पुरायचे आणि वर जमलेला पांढरा थर खरवडून काढायचे. त्याच्यासारखा पांढरा नाही हे मान्य, पण मी घरात आणत नाही. टायटॅनियम पांढरा वापरा. टर्प खिडकी उघडी ठेवून. आणि रंगापेक्षा मोठा धोका कुणी सांगत नाही तो सांगते: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

तुमच्या समुद्रावर माणसं का नसतात?
— एक वाचक, बडोदा, रावपुरा

तुम्ही तर शेजारीच, घरीच यायचं होतं.

असतात. मी नंतर झाकते. त्याला कारण आहे एक चित्र. हेंड्रिक फान आन्टोनिसन या डच चित्रकाराने सुमारे 1641 मध्ये हॉलंडमधल्या स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्याची वाळू रंगवली. ते केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे. थंडीतला किनारा, आणि लोक घोळक्याने उभे राहून कशाकडे तरी बघतायत. कशाकडे ते मात्र दिसत नव्हतं. 2014 च्या सुमारास साफसफाई करताना वरचा नंतरचा रंग निघाला आणि खालून किनाऱ्याला लागलेला अख्खा देवमासा बाहेर आला. मधल्या काळात कुणीतरी तो झाकून टाकला होता. मेलेलं जनावर दिवाणखान्यात नको वाटलं असेल.

ही बातमी वाचली त्या संध्याकाळी मी कमाटीबागेत गेले होते. म्युझियम बंद झालेलं. बाहेर बाकावर बसून शेंगा खाल्ल्या आणि परत आले. तेव्हापासून कावीच्या प्रत्येक चित्रात आधी बाबा येतात, छत्रीसह. मग मी त्यांच्यावरून गाळ ओढते. तेलरंग जुना होत जातो तसा थोडा पारदर्शक होतो, खालचं वर यायला लागतं. माझा वरचा थर पातळच असतो. तुमच्या ओळखीच्या ज्या घरात माझं चित्र आहे, तिथे डावीकडे खाली, देवळाच्या जरा अलीकडे, दिवसाच्या उजेडात तिरकं बघा.

रविवर्मांनी पण हीच पद्धत वापरली का?
— एक वाचक, सांगली

त्यांनी तैलरंग बरेचसे बघून बघून उचलले. त्रावणकोर दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा युरोपी चित्रकार आला होता, त्याला काम करताना पाहिलं. बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रं केली ती नंतर, सयाजीरावांच्या सांगण्यावरून. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंह म्युझियममध्ये जाऊन साड्यांच्या जरीकडे जवळून बघा. ही जर म्हणजे पिवळ्या रंगाचे दोन-तीन फटकारे असतात, सोनं आपण मनाने भरतो. माझ्या लाटांचा फेस मी तिथून शिकले.

मी नववीत आहे. समुद्र काढायला कुठला निळा रंग घेऊ?
— एक विद्यार्थी, बडोदा

यंदा निळा घेऊच नकोस. रॉ अंबर, यलो ऑकर, पांढरा आणि काळा, एवढे चार घे. काळ्यात पांढरा मिसळून भुऱ्याशेजारी लावून बघ, तो निळाच दिसतो. जुन्या लोकांनी आकाशात हे खूप केलंय, निळा रंग महाग होता म्हणून.

आणि एकदा कावीला जा, मोठ्या माणसाबरोबर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा, उधाण मोठं असतं. अष्टमीला भांगाची भरती, तेव्हा मजा कमी. भरती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे काल गेलेल्या माणसाने सांगितलेली वेळ धरून बसू नकोस. देवळाशी लावलेली वेळ वाच, आणि पुजारी "चला" म्हणाले की वही मिटायची, चित्र अर्धं असलं तरी.