व्हीलबरोला मराठीत काय लिहायचं: हातगाडी, ढकलगाडी की ठेला?

तुम्ही विचारलंय की शेतीच्या अवजारांची पुस्तिका मराठीत करताय, त्यात व्हीलबरो (पुढे एक चाक, मागे दोन मुठी, हाताने ढकलायची गाडी) आलाय, तर हातगाडी, ढकलगाडी, ठेला यातलं काय लिहू. पहिल्यांदा येईल तिथे "एकचाकी ढकलगाडी" लिहा, पुढे नुसतं "ढकलगाडी" बास. हातगाडी मात्र नको, आणि ठेला तर अजिबातच नको.

हातगाडी म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी दिसतात. एक म्हणजे मुंबईत मस्जिद बंदर, भुलेश्वरच्या बाजूला चालते ती लांबलचक गाडी, मोठी दोन चाकं, वर कापडाच्या गाठी नाहीतर पोती, पुढे एक जण दांडीला आणि मागून एकदोघं रेटा देतायत. दुसरी म्हणजे भाजीवाल्याची चार चाकांची. ही दुसरी तर आता नुसती गाडी राहिलीच नाही, तिचं दुकान झालंय, वडापावची गाडी, भुर्जीची गाडी, गोव्यात रोस ऑम्लेटचे गाडे. आणि विदर्भात ठेला म्हणजे चहाचा नाहीतर पानाचा, पुण्याकडे जी पानटपरी तो तिकडे पानठेला, जो वर्षानुवर्षं जागेवरून हलत नाही. त्यामुळे "खत ठेल्यात भरा" असं छापलंत तर नागपूरकडचा शेतकरी बुचकळ्यात पडेल.

आता यासाठी जुना अस्सल शब्द का नाही, तर ती वस्तूच आपल्याकडे फारशी रुजली नाही. माती, खडी, शेणखत, सगळं घमेल्यात नाहीतर पाटीत भरायचं आणि डोक्यावर चुंबळ ठेवून वाहायचं, 1972 च्या दुष्काळात शेतात बांध घालायची (बंडिंगची), तलावांची कामं निघाली तिथेही बायामाणसांच्या डोक्यावर पाट्या आणि घमेलीच होती. विटा-वाळूला गाढवं होती. कोकणात पाखाड्या (दगड बसवलेल्या पायवाटा) आणि पायऱ्या, तिथे चाक काय कामाचं, डोकं नाहीतर कावड. म्हणून आपल्याकडे ओझ्याची भाषा चाकापेक्षा अंगाभोवती जास्त वाढली असं मला पक्कं वाटतं. माथाडी हा शब्दच बघा, माथ्यावर वाहणारा तो माथाडी, आणि हमाल कामगारांसाठीच्या 1969 च्या कायद्याच्या नावातही तोच शब्द आहे. ऊसतोडीत आजही टोळ्यांची नावं ऊस कशावरून वाहता त्यावरून, बैलगाडी असेल तर गाडी सेंटर, टायरची गाडी असेल तर टायर सेंटर, आणि मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायच्या असतील तर डोकी सेंटर. वडार समाजातही गाडीवरून दगड वाहणारे गाडी वडार आणि मातीकाम करणारे माती वडार असे भेद पडलेत.

जिथे गाडी खरंच रोज वापरात होती तिथे शब्द कमी पडलेले नाहीत हो. बैलगाडी घ्या, विदर्भात ओझ्याची ती बंडी, हलकी, माणसं न्यायची ती रेंगी, इतर ठिकाणी छकडा, दमणी, खटारा. एका चाकातच मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, वरची लोखंडी धाव, आणि वंगणाचा नळा गाडीला लटकवलेला असायचा, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा ही म्हण त्याच्यावरूनच. ही नावं मात्र चाललीयेत, कुणाच्या आजोबांकडे गाडी असेल तर भागांची नावं विचारून लिहून ठेवा, कळकळीने सांगतोय.

परत तुमच्या ढकलगाडीकडे येतो. पुस्तिकेत नुसतं नाव देऊन भागणार नाही, ती कशी भरायची हे पण लिहा, कारण घमेल्याची सवय असलेला माणूस ती हमखास मुठींकडे भरतो आणि मग दहा मिनिटांत हात भरून येतात. ही अडकित्त्यासारखी तरफ आहे, टेकू एका टोकाला (चाक), ओझं मध्ये, हात दुसऱ्या टोकाला. समजा चाकाच्या कण्यापासून मुठी 150 सेंमीवर आहेत आणि 60 किलो खताचा भार कण्यापासून 50 सेंमीवर पडतोय, तर हातांवर येतो 20 किलो, म्हणजे एका हाताला 10. तोच भार मागे सरकून 100 सेंमीवर गेला की हातांवर 40 किलो! त्यामुळे जड माल चाकाकडे, हलका मागे. आणि एकच चाक असल्यामुळे ती अरुंद बांधावरून, एका फळीवरून जाते, हा शेतीतला मोठा फायदा आहे, फक्त तोल आपल्या हातात.

चीनमध्ये ही गाडी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीपासून आहे, तिकडच्या पारंपरिक गाडीत मोठं चाक बरोबर मध्ये असतं आणि माल दोन्ही बाजूंनी लादतात, म्हणजे बहुतेक सगळं वजन चाकच पेलतं, माणूस फक्त तोल सांभाळतो आणि ढकलतो. युरोपात ही गाडी बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास दिसायला लागते आणि तिथे चाक पुढे गेलं, तीच पद्धत आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आली.

कुणी म्हणेल की मग इंग्रजी शब्दच ठेवा, त्यालाही माझी हरकत नाही, टेम्पो हे तर जर्मन कंपनीच्या तीनचाकीचं नाव होतं, बजाज टेम्पोमुळे इथे आलं आणि मराठी झालं. उलट टाटा एस ही छोटी मालवाहू गाडी 2005 ला आली आणि लोकांनी स्वतःहून तिला छोटा हत्ती करून टाकलं. पण व्हीलबरो हा शब्द मी बांधकामाच्या साइटवर गवंड्याच्या किंवा बिगाऱ्याच्या तोंडी फारसा ऐकलेला नाही, तिथे ढकलगाडी, एकचाकी गाडी नाहीतर सरळ ट्रॉली म्हणतात. ट्रॉली शेतीच्या पुस्तिकेत घोळ करेल, कारण शेतकऱ्याची ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे असते.

एक बघून घ्या, हल्ली गोठ्यासाठी पुढे दोन चाकांची पण मिळते, ती बांधावर चालत नाही पण कलंडत नाही. तुमच्या मूळ पुस्तिकेतलं चित्र तसं असेल तर "दोनचाकी ढकलगाडी" लिहावं लागेल. चित्र इथे टाका, बघून सांगतो.