तुमचा प्रश्न, ताईंचं उत्तर

प्रश्न : ताई, माझी लेक न्यू जर्सीत असते, जावई ज्यू आहेत. आता नातीला ज्यू डे स्कूलमध्ये घालायचं चाललंय. अर्धा दिवस हिब्रू आणि धर्मग्रंथ, अर्धा दिवस गणित-सायन्स. फी ऐकून तर मला घामच फुटला. आठवीला शाळा संपणार, मग एवढं करून पुढे पोरीकडे उरतं काय? आणि आमची मराठी कुठे जाणार? – एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, हा प्रश्न बरोबर माझ्याकडेच आला म्हणायचा, कारण मी रास्ता पेठेतली बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी इथलीच ज्यू, पण शिकले मुंबईत मामाकडे राहून, माझगावच्या सर एली कदूरी शाळेत. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी आमच्या समाजासाठी काढलेली शाळा. आमचं सगळं मराठीतून, त्यामुळे तिकडच्या डे स्कूलशी डायरेक्ट तुलना नको, पण उरतं काय हे मात्र सांगू शकते.

खरं सांगू का, हिब्रू व्याकरण मी कधीच विसरले. पण प्रार्थनेचं पुस्तक हातातून पडलं तर आजही उचलून आधी ओठांना लावते, बाजूला बसलेली मैत्रीण कपाळाला लावते आणि दोघी हसतो. शुक्रवारी दुपार कलली की आपोआप घाई सुटते, शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आधी आवरायला हवं म्हणून, बँकेत नोकरी केली तेव्हाही सुटायची आणि रिटायर झाले तरी सुटतेच.

तिकडच्या शाळांत आणखी एक भारी गोष्ट असते. तोराचं, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाचं, पुस्तक उघडलं की वरती मूळ वचन आणि खाली वेगळ्याच वळणाच्या अक्षरात राशीची टीका, म्हणजे भाष्य. राशी हा फ्रान्समधला अकराव्या शतकातला पंडित. राशी काय म्हणतो हे तर शिकवतातच पण बाई मुलांना विचारतात, राशीला इथे खटकलं काय? म्हणजे वाक्यात काहीतरी अडलं असणार म्हणूनच तो बोलला ना, मग ती अडचण तुम्ही शोधा. मोठ्या वर्गात दोघादोघांच्या जोड्या करून मोठमोठ्याने वाद घालत वाचायचं, त्याला खेवरुता म्हणतात. वर्गात गोंगाट म्हणजे अभ्यास चालू आहे! पुणेकराला हे वेगळं शिकवायची गरज नाही म्हणा. पण दहा वर्षांच्या पोरीला रोज कुणी विचारलं की तुला काय खटकलं, तर ती पुढे वकील होवो नाहीतर बेकरी काढो, ती सवय काही जात नाही. फी त्याचीच, असं मी समजते. झेपत नसेल तर फीमध्ये सवलत मागायला लाजू नका, बऱ्याच शाळा देतात.

एक गोष्ट मात्र अॅडमिशनच्या आधी लेकीला नीट विचारायला सांगा. पारंपरिक ज्यू कायद्यात मूल आईकडून ज्यू धरतात, अमेरिकेतल्या रिफॉर्मवाल्यांनी, म्हणजे सुधारणावादी ज्यू पंथाने, 1983 पासून वडिलांकडूनही मानलं, अट मूल ज्यू म्हणूनच वाढवायची. त्यामुळे एखादी शाळा कुरकुर करेल, एखादी हसत घेईल. पोरीला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दिवाळीची सुट्टी मिळणार नाही, ते धरूनच चाला.

आणि मराठीचं म्हणाल तर पुढच्या वेळी नात आली की तिला घेऊन या, आधी फोन करा, ओळखपत्र बरोबर ठेवा, हल्ली सिक्युरिटी कडक आहे. कॅम्पातलं लाल देऊळ दाखवू, म्हणजे 1867 चं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आणि मग रास्ता पेठेतलं आमचं सिनेगॉग, सक्कथ शेलोमो. तिथे आमच्या म्हाताऱ्या बायका मलिद्याचे, म्हणजे आमच्या प्रसादाचे, गोड पोहे कालवताना, खोबरं कमी पडलं यावरून शुद्ध मराठीत भांडतात. शाळेत जाऊन हे सांगितलं तर तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तेव्हा फोटो काढून न्या.